हरकती मागवल्या, उत्तरे कुठे आहेत?

प्रति,
सचिव, विधायी विभाग,
विधी व न्याय मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : ५ फेब्रुवारी २०१४ च्या पूर्वविधायी सल्लामसलत धोरणाचे मूल्यमापन कसे करावे

महोदय / महोदया,

मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील सचिव समितीने १० जानेवारी २०१४ रोजी पूर्वविधायी सल्लामसलतीचा, म्हणजे विधेयक मांडण्यापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकण्याचा, निर्णय घेतला आणि ५ फेब्रुवारीला आपल्याच विभागाने तो पत्राने सगळ्या मंत्रालयांना कळवला. प्रस्तावित कायदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा. सोबत त्याची गरज काय, खर्च किती, पर्यावरणावर, मूलभूत हक्कांवर आणि लोकांच्या जगण्यावर, पोटापाण्यावर काय परिणाम होईल, हे सांगायचे. कायदेशीर तरतुदी सोप्या भाषेत उलगडणारी टीप जोडायची. आलेल्या अभिप्रायांचा सारांश आणि त्यावर विभागाचे उत्तर संकेतस्थळावर टाकायचे. हाच सारांश मंत्रिमंडळाच्या टिपणात घ्यायचा आणि विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले, तर तिच्यापुढेही ठेवायचा. पत्र लहान आहे आणि मजकूर चांगला आहे. मोकळ्या कारभाराचा केंद्र सरकारचा आराखडा कोणता, असे कुणी विचारले तर आम्ही स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला लावणाऱ्या, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ बरोबर याच पत्राकडे बोट दाखवू.

या आराखड्याचे मूल्यमापन करायचे, तर सुरुवात शेवटच्या पायरीपासून करावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. अभिप्राय किती आले हे नंतर पाहू. आधी पाहायचे ते विभागाने त्यांना काय उत्तर दिले आणि त्यापायी मसुद्यातला कोणता शब्द हलला. बाकी सगळी मोजमापे या एका कागदाला टांगलेली आहेत.

सरकारी उत्तरांत नेहमी उलटे होते. मंच सुरू झाल्याची तारीख, नोंदणी केलेल्या नागरिकांची संख्या आणि आलेल्या सूचनांचा आकडा दिला जातो. वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकाचा मसुदा १८ नोव्हेंबर २०२२ ला खुला झाला आणि त्यावर २० हजारांहून अधिक सूचना आल्या. आकडा मोठा आहे. पण या सूचना उघड केल्या जाणार नाहीत, असे मागवतानाच जाहीर केले होते. कुणी काय म्हटले आणि विभागाने ते का मानले किंवा का नाकारले, हे बाहेरच्या माणसाला जुळवून पाहता येत नाही. लोक जागे होते एवढे त्या आकड्यावरून कळते. विभाग जागा होता का, ते कळत नाही.

उत्तराचा कागद कसा असावा, हे आम्ही नेमके लिहितो. चार रकाने पुरतात : कलम क्रमांक, मुद्दा, विभागाचा निर्णय, कारण. निर्णयाच्या रकान्यात चारच शब्द चालतील : मान्य, अंशतः मान्य, अमान्य, विषयाबाहेर. 'नोंद घेतली' हा पाचवा शब्द आत येऊ देऊ नये. तो एकदा आत शिरला की सगळा तक्ता त्यानेच भरतो. कारणाच्या रकान्यात 'धोरणात्मक निर्णय' एवढेच असेल, तर तो रकाना कोरा धरावा. मुद्दा मान्य असेल, तर जुना आणि नवा शब्दक्रम शेजारी शेजारी द्यावा. ३० कलमांच्या विधेयकावर हजारो अभिप्राय आले, तरी वेगळे मुद्दे फार तर दीड-दोनशे निघतात. दोन अधिकारी आणि एक मसुदाकार यांनी नीट बसायचे ठरवले, तर हे काम दोन-तीन आठवड्यांचे आहे.

इथे छापील नमुन्यांचा प्रश्न येतो. एकाच मजकुराची हजारो पत्रे आली की काही अधिकारी सगळी बाजूला सारतात, तर काही जण ती हजारो मते म्हणून मोजतात. दोन्ही चूक. मुद्दा एकदाच नोंदवावा आणि त्याच्याशेजारी पत्रांची संख्या लिहावी. मुद्द्याचे वजन युक्तिवादावर ठरेल, चिंता किती पसरलेली आहे ते संख्येवरून दिसेल. दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, २०१५ मध्ये इंटरनेट समानतेच्या (नेट न्यूट्रॅलिटीच्या) सल्लापत्रावर दहा लाखांहून अधिक ई-मेल आले. प्राधिकरणाने ते जसेच्या तसे संकेतस्थळावर टाकले आणि त्याबरोबर लाखो लोकांचे ई-मेल पत्तेही जगासमोर आले. पुढच्याच फेरीत, दरांमधल्या भेदभावाबाबत, तयार नमुन्यातली असंख्य पत्रे अशी आली की मूळ प्रश्नांना त्यांत उत्तरच नव्हते, आणि प्राधिकरणाने तसे जाहीरपणे सांगितले. म्हणून प्रसिद्ध करताना व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने द्यावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक कधीच देऊ नये. संस्था, कंपन्या आणि उद्योगसंघटनांचे अभिप्राय मात्र नावासह पूर्ण द्यावेत. ज्यांचा पैसा गुंतला आहे ते काय मागत होते, हे लोकांना कळायलाच हवे.

या चुका असूनही ट्रायचीच पद्धत आम्हाला देशातली सर्वांत उपयोगी वाटते. सल्लापत्रात क्रमांक घातलेले प्रश्न असतात. आधी अभिप्राय, मग इतरांच्या अभिप्रायांवर प्रति-अभिप्राय, मग खुली चर्चा होते आणि शेवटी विनियमासोबत स्पष्टीकरणात्मक टिपण जोडले जाते. ८ फेब्रुवारी २०१६ चा भेदभावी दरांना बंदी घालणारा विनियम याच वाटेने आला. ट्रायच्या कायद्याच्या कलम ११(४) ने प्राधिकरणावर पारदर्शकतेचे बंधन घातले आहे, म्हणून हे घडते. त्याच वर्षी ११ मे रोजी ट्रायचाच कॉल ड्रॉपच्या, म्हणजे मध्येच तुटणाऱ्या कॉलच्या, भरपाईचा विनियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि नियम करण्यापूर्वी लोकांचे ऐकून कारणांसह उत्तर देण्याचे बंधन सर्वांवरच घालणारा कायदा करण्याचा विचार संसदेने करावा, असे सुचवले. म्हणजे वाट माहीत नाही असे नाही.

दुसरा मुद्दा भाजकाचा, म्हणजे टक्केवारी कोणत्या एकूण आकड्यावर काढायची त्याचा. मूल्यमापनात सर्वांत सहज लपणारी लबाडी इथेच असते, आणि ती करणाऱ्यालाही अनेकदा कळत नाही. संकेतस्थळावर टाकलेल्या मसुद्यांपैकी किती ३० दिवस खुले होते, असे विचारले तर उत्तर साजरे येते. प्रश्न असा हवा : एका अधिवेशनात मांडलेल्या सगळ्या सरकारी विधेयकांपैकी किती विधेयकांचा मसुदा आधी खुला झाला होता? विनियोजन विधेयके, वित्त विधेयक आणि कालबाह्य कायदे रद्द करणारी विधेयके वेगळी काढा, पण यादीतून गाळू नका. प्रत्येकापुढे वेगळे काढण्याचे कारण लिहा. नमुना निवडायचा असेल, तर मंत्रालयाने निवडू नये. सलग तीन अधिवेशनांतली सगळी विधेयके घ्यावीत. त्यांची संख्या हाताबाहेरची नसते.

आता ३० दिवस. हा आकडा कागदावर जितका सरळ दिसतो तितका नाही. प्रत्येक मसुद्यासाठी सात तारखा टिपाव्या लागतील : मसुद्यावरची तारीख, तो प्रत्यक्ष संकेतस्थळावर आल्याची तारीख, जाहिरात किंवा प्रसिद्धिपत्रकाची तारीख, हिंदी पाठाची, इतर भाषांमधल्या पाठाची, अभिप्रायाची अंतिम मुदत आणि विधेयक मांडल्याची. पहिल्या दोन तारखांत आठवड्याचे अंतर पडणे नवलाचे नाही. समजा मसुदा महिन्याच्या १ तारखेला इंग्रजीत आला, हिंदी पाठ १२ तारखेला आला, मराठी पाठ आलाच नाही आणि मुदत ३० तारखेला संपली. इंग्रजी वाचणाऱ्याला ३० दिवस मिळाले, हिंदी वाचणाऱ्याला १९, मराठी वाचणाऱ्याला शून्य. धोरण पाळले का, या प्रश्नाला इथे तीन उत्तरे आहेत आणि अहवालात तिन्ही यायला हवीत. मुदतवाढीचेही तसेच. शेवटच्या दिवशी संध्याकाळी दिलेली १५ दिवसांची वाढ ज्यांनी घाईत अर्धवट लिहून पाठवले त्यांच्या कामाची नसते. वाढ द्यायची तर मुदतीच्या किमान आठवडाभर आधी द्यावी, आणि पाठवलेला अभिप्राय बदलण्याची सोय ठेवावी.

भाषेबद्दल २०२० चे उदाहरण पुरेसे बोलके आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा एप्रिलमध्ये, ऐन टाळेबंदीत, राजपत्रात आला. ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत, म्हणजे २२ भाषांत, भाषांतर करायला सांगितले. पर्यावरण मंत्रालयाचा पवित्रा हिंदी आणि इंग्रजी पुरेशी आहे असा होता. गंमत अशी की बदलायला निघालेली १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना स्वतः याहून पुढे आहे. एका खाणीच्या किंवा कारखान्याच्या जनसुनावणीसाठी ती किमान ३० दिवसांची सूचना मागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मागते आणि सुनावणी संपताना नोंदवलेले मुद्दे लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायला सांगते. एका प्रकल्पाला जो नियम लागतो तो अख्ख्या देशाला लागू होणाऱ्या कायद्याला का लागू नये? माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(४) स्थानिक भाषेचा विचार करायला सांगतेच. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमतीची सूचना इंग्रजीत किंवा २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला लावतो. तोच निकष सरकारने आपल्या मसुद्यांना लावावा. सगळा मसुदा एकदम नाही जमला, तर निदान सोपी टीप आणि परिणामांचे टिपण २२ भाषांत पहिल्याच दिवशी द्यावे. १० पानांचे भाषांतर अडून बसण्यासारखे काम नाही.

सोपी टीप तपासायची कशी? आमची कसोटी अशी आहे : मसुद्यातली सर्वांत वादग्रस्त तीन कलमे काढा आणि ती टिपेत सापडतात का पाहा. उद्दिष्टांची पाने भरभरून असतात. शेवटच्या कलमातली दुरुस्ती मात्र एका ओळीत उरकते. डेटा संरक्षण कायद्याचे कलम ४४(३) हे एक छोटे उपकलम आहे. त्याने माहिती अधिकार कायद्याचे, वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारे कलम ८(१)(ञ) बदलले. व्यापक जनहिताचा त्या कलमातला अपवाद गेला आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुणालाही नाकारू नये, हे परंतुकही, म्हणजे कलमाला जोडलेली अटही, गेली. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद शिल्लक आहे, असे सरकार सांगते. ते खरेही आहे. पण तिथे तोलून पाहण्याचा भार वेगळा पडतो. बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. ग्रामपंचायतीतला लाभार्थ्यांचा तक्ता मागणाऱ्या माणसाला 'डेटा संरक्षण' या नावाच्या मसुद्यात आपला माहितीचा अर्ज अडकला आहे, हे कळणार कसे? म्हणून टिपेच्या पहिल्याच पानावर 'या विधेयकाने बदलणारे इतर कायदे' अशी चौकट सक्तीची करावी. आणि ज्या विभागाचा कायदा बदलतो त्याच्या संकेतस्थळावरही मसुदा यावा.

आता धोरणातली पळवाट. सल्लामसलत करणे शक्य किंवा इष्ट नसेल, तर विभागाने कारणे मंत्रिमंडळाच्या टिपणात नोंदवावीत, अशी मुभा आहे. मुभा हवीच. करचुकवेगिरी रोखणारा बदल ३० दिवस आधी जाहीर करून चालत नाही. अडचण अशी की कारण लिहिलेला कागद कुणी पाहू शकत नाही. मंत्रिमंडळाची कागदपत्रे माहिती अधिकारातून वगळली आहेत. मात्र त्याच कलम ८(१)(झ) चे परंतुक सांगते की निर्णय झाल्यावर आणि विषय संपल्यावर निर्णय, त्याची कारणे आणि ज्याच्या आधारे तो घेतला ते साहित्य खुले करायचे. विधेयक संसदेत मांडले गेले, की सल्लामसलत टाळण्याचा विषय संपलेला असतो. म्हणून ते कारण विधेयकासोबतच्या 'उद्देश व कारणांच्या निवेदना'खाली एका परिच्छेदात छापावे. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

अध्यादेशांना तर हे जास्तच लागू आहे. तीन कृषी अध्यादेश ५ जून २०२० रोजी निघाले, सप्टेंबरमध्ये त्यांचे कायदे झाले, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणी थांबवली आणि वर्षअखेर ते रद्द झाले. कृषी बाजारावरची चर्चा जुनी होती, हे सरकारचे म्हणणे खोटे नाही. पण चर्चा विषयावर झाली होती. त्या तीन मसुद्यांच्या शब्दांवर ३० दिवस कुणालाच मिळाले नव्हते. वाद कुठे पेटला, तर व्यापार क्षेत्राची व्याख्या आणि दिवाणी न्यायालयाचे दार बंद करणारी तरतूद यांवर, म्हणजे नेमका शब्दांवर. सल्लामसलतीत सापडण्यासारखे हेच असते. मूल्यमापनात अध्यादेशाची जागा घेणाऱ्या विधेयकांचा रकाना वेगळा ठेवा आणि अध्यादेश ते विधेयक या काळात तरी मसुदा खुला झाला होता का, ते तपासा.

नियमांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. नागरिकाला कायदा भेटतो तो बहुतेक वेळा नियमांच्या रूपात, फॉर्मच्या आणि शुल्काच्या रूपात. जिथे मूळ कायदा 'पूर्वप्रसिद्धीनंतर' नियम करायला सांगतो तिथे १८९७ च्या सामान्य वाक्यखंड कायद्याचे कलम २३ लागते : मसुदा प्रसिद्ध करा, तारीख द्या, आलेल्या हरकती विचारात घ्या. पण त्याच कलमाचे पाचवे पोटकलम सांगते की अंतिम नियम राजपत्रात पूर्वप्रसिद्धीनंतर केला म्हणून छापला गेला, की तो रीतसर झाल्याचा तो निर्णायक पुरावा. मग अंतिम अधिसूचनेत 'प्राप्त हरकती व सूचना विचारात घेऊन' हे ठरलेले वाक्य येते आणि दार बंद होते. देखल्या देवा दंडवत. मूल्यमापन करणाऱ्यांनी अशा २५ अधिसूचना घेऊन मसुदा आणि अंतिम पाठ शब्दशः जुळवून पाहावेत. २५ पैकी २३ मध्ये एकही शब्द हललेला नसेल, तर त्या वाक्याचे मोल किती, हे उघड होईल.

तांत्रिक खोड्या किरकोळ वाटतात, पण माणसे तिथेच गळतात. मसुदा छायाचित्रासारखा स्कॅन केलेला असला, की त्यात शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचे यंत्र तो वाचूच शकत नाही. अर्जात अक्षरमर्यादा असते, फाइल जोडता येत नाही. पोच मिळत नाही, त्यामुळे अभिप्राय पोचला की नाही ते कळत नाही. मुदत संपली की मसुद्याचा दुवा नाहीसा होतो आणि अंतिम कायद्याशी तुलना करायला जुनी प्रत उरत नाही. प्रत्येक अभिप्रायाला आवक क्रमांक, टपालाने पाठवण्याचा पत्ता आणि मसुद्याच्या सर्व आवृत्त्यांचे कायमचे पान, एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटतात.

हे सगळे तपासणार कोण? कलम ४ चा अनुभव इथे सावध करतो. कार्मिक आणि प्रशिक्षण विभागाने १५ एप्रिल २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वयंप्रेरणेने प्रकट केलेल्या माहितीची दरवर्षी त्रयस्थ तपासणी करायला सांगितले. पण तपासणी ठरावीक नमुन्यावर चालते. माहितीचा मथळा संकेतस्थळावर दिसला, की गुण मिळतात. त्या मथळ्याखाली काय आहे, कोणत्या सालचे आहे, हे मागे पडते. याच कायद्याचे कलम ४(१)(ख)(सात) धोरण ठरवताना लोकांशी सल्लामसलत करण्याची व्यवस्था काय आहे, ते प्रसिद्ध करायला सांगते. त्या मथळ्याखाली आपल्याच मंत्रालयाने काय लिहिले आहे, हे वाचून मूल्यमापनाचा श्रीगणेशा करायला हरकत नाही.

मोकळ्या सरकारांची आंतरराष्ट्रीय भागीदारी (ओपन गव्हर्नमेंट पार्टनरशिप) २०११ मध्ये आठ देशांनी सुरू केली. भारत तिचा सदस्य नाही, आणि व्हावे की नाही हा या पत्राचा विषय नाही. तिथली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. देशाच्या कृती आराखड्याची तपासणी सरकारबाहेरचे संशोधक करतात आणि वचनांना दोन वेगळ्या पट्ट्या लावतात. वचन कितपत पूर्ण झाले ही एक. त्याने कारभार खरोखर किती खुला झाला ही दुसरी, आणि तिच्यात पूर्वी 'काहीच बदलले नाही' तसेच 'परिस्थिती बिघडली' असेही शेरे असत. संकेतस्थळ उभे राहिले, म्हणून पहिल्या पट्टीवर पूर्ण गुण आणि दुसऱ्या पट्टीवर शून्य, असे होऊ शकते. आपल्या अहवालातही या दोन गोष्टींची सरासरी काढू नका. सरासरीत अपयश विरघळते. तपासणी करणाऱ्या गटात मसुदा लेखन जाणणारा एक, नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या शिस्तीत काम केलेला एक आणि दोन राज्यांतले बिगर-इंग्रजी वाचक असावेत. मसुदा अहवालही ३० दिवस खुला ठेवावा. तोच नियम आहे ना?

घाई का, तेही सांगतो. पीआरएस या संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या नोंदींनुसार १५ व्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, १७ व्या लोकसभेत १६ टक्के. समितीत साक्ष देण्याची जी संधी पूर्वी होती ती आता क्वचित मिळते. अशा वेळी विधेयक मांडण्यापूर्वीचे ३० दिवस हाच बहुतेकांसाठी एकमेव दरवाजा उरतो. आणि अभिप्रायांचा सारांश समितीपुढे ठेवण्याची धोरणातली तरतूद समितीच नसेल तिथे हवेत लटकते. अशा विधेयकांच्या बाबतीत तो सारांश थेट दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा.

आपल्याकडून आम्हाला तीन तक्ते हवे आहेत. पहिला : मागच्या तीन अधिवेशनांतल्या प्रत्येक सरकारी विधेयकाच्या सात तारखा, जिथे तारीख नाही तिथे 'नाही'. दुसरा : खुल्या झालेल्या प्रत्येक मसुद्याचा चार रकान्यांचा उत्तर-तक्ता. तिसरा : सल्लामसलत टाळलेल्या विधेयकांची यादी, कारणांसह. मसुदे छाननीसाठी आपल्याच विभागाकडे येतात, त्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या तक्त्याची माहिती आपल्या फायलींत असली पाहिजे. दुसरा तक्ता मंत्रालयांकडून मागवावा लागेल. ज्यांच्याकडे तो तयार नसेल त्यांच्या नावापुढे 'तयार नाही' एवढेच लिहून पाठवले तरी चालेल.

आपले,
कायद्यांचे मसुदे वाचून त्यांवर अभिप्राय लिहिणारे काही नागरिक

प्रत : सचिव, कार्मिक आणि प्रशिक्षण विभाग, केंद्रीय माहिती आयोग, अध्यक्ष, दुय्यम विधिविधान समिती, लोकसभा